काटा पुढे का धावतो?

समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा तालुक्यातून गेला आणि धनजच्या पोरांच्या तोंडी वेगाचे आकडे आले. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना मर्यादा ताशी १२० किलोमीटर. माझ्या भाच्याने जुनी जीप घेतली, तिला रुबाबासाठी मोठी चाके बसवली आणि मला सांगितले, "मामा, काटा त जास्तच दाखोते. एकशे तीसले नेला तरी खरे एकशे वीस-बावीसच भरते." त्याच्या मित्राच्या मोटारीत काटा १२० वर असताना मोबाईल ११४ दाखवत होता, हा त्याचा पुरावा.

पुरावा खरा होता. निष्कर्ष मात्र मला खटकला, आणि मी या काट्याच्या मागे लागलो.

आमच्या लहानपणी काळीपिवळीतला काटा बहुधा शून्यावर झोपलेला असे. केबल तुटलेली, आणि ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखी. ती केबल जिथे पोहोचे त्या डबीचा इतिहास मोठा आहे. १८२४ च्या सुमारास फ्रान्सच्या अरागोला दिसले की तांब्याची चकती फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूची, स्पर्श नसतानाही, तिच्यामागे ओढली जाते. कारण १८३१ मध्ये फॅराडेने उलगडले: धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात. याच तत्त्वावर स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये वेगमापकाचे पेटंट घेतले. गिअरबॉक्सकडून आलेली केबल चुंबक फिरवते. भोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, ती ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवतही नाहीत! जवळजवळ शतकभर जगाने याच डबीवर विश्वास ठेवला.

त्या काळी वाद फार. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली. पोलीस झुडपाआड स्टॉपवॉच घेऊन बसत आणि मोजलेल्या अंतराला किती सेकंद लागले ते टिपत. चालक म्हणे, माझा काटा कमी दाखवत होता. कोणाचे खरे मानायचे?

मुळात काटा रस्ता मोजतच नाही, चाकाचे फेरे मोजतो. आजच्या गाड्यांत केबल गेली, सेन्सर आला, तरी तेच. एका फेऱ्यात किती अंतर कापले जाते, हे कारखान्याने धरून दिलेले असते. ६० सेंटिमीटर व्यासाचे टायर झिजून ५८.८ झाले की तेवढ्याच रस्त्याला फेरे दोन टक्के जास्त होतात आणि काटा पुढे धावतो. हवा कमी असली तरी तसेच थोडेसे. जुन्या डबीत चुंबक म्हातारा झाला की उलट, काटा मागे पडे. एवढ्या बदलत्या गोष्टींत अचूक काटा कोण देणार?

म्हणून नियम एकतर्फी झाला. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम १९७८ पासून लागू आहे. त्यानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त दाखवले तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर, एवढी सूट. खरे १०० असताना ११४ दाखवले तरी काटा नियमात बसतो. ९९ दाखवले की नापास. मग कारखानदार काय करणार? तो काटा मुद्दाम थोडा पुढे लावतो. यात फसवणूक नाही, सावधपणा आहे. आपल्याकडेही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम वेगमापकाचाच आहे.

पण ही सारी सावधगिरी कारखान्याने दिलेल्या चाकापुरती. भाच्याच्या जीपचे मूळ चाक ६६ सेंटिमीटरचे होते, आताचे ७२ चे. एका रविवारी मी घड्याळ घेऊन शेजारी बसलो. काटा १०० वर धरायला लावला आणि कडेच्या किलोमीटरच्या पाट्या मोजल्या. (काटा खरा असता तर किलोमीटरला ३६ सेकंद लागायला हवे होते.) दहा किलोमीटरला ५ मिनिटे ४७ सेकंद लागले, म्हणजे खरा वेग जवळजवळ १०४. मूळ चाकांवर याच काट्याने १०० ला सुमारे १०५ दाखवले असते. मोठ्या चाकांनी ती सगळी सूट खाऊन वर उधारी केली होती. ज्याला तो १२०-१२२ समजत होता, ते काट्यावरचे १३० म्हणजे प्रत्यक्षात १३५. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. १२० च्या तुलनेत ते सव्वापटीहून अधिक.

भाचा हिशेब बघून बराच वेळ बोलला नाही. जुनी चाके त्याने विकून टाकली होती. संध्याकाळी त्याने काट्याच्या काचेवर ११५ च्या खुणेशी लाल चिकटपट्टी लावली आणि मला विचारले, "मामा, हे टायर घासले का पट्टी कोनीकडे सरकवा लागते?"