कोण वरचढ? : कोल्हापूरच्या कुस्तीशौकिनांचा बलाबलविचार

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास बहुधा राजाश्रय, तालमी आणि नामवंत मल्ल यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. आखाड्याबाहेर बसून 'दोघांत वरचढ कोण' याचा काथ्याकूट करणाऱ्या शौकिनाला त्यात फारसे स्थान मिळालेले नाही. वस्तुतः हा वाद म्हणजे केवळ रिकामटेकड्यांचा विरंगुळा नव्हता. कोणाची जोड कोणाशी लावावी, कोणती कुस्ती शेवटी नेमावी, इनाम किती ठेवावे, हे सर्व त्या वादाच्या आधारे ठरत असे. या दृष्टीने प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

या वादाला भव्य व्यासपीठ मिळाले ते राजर्षी शाहू छत्रपतींमुळे. १९०२ साली युरोपच्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले व त्या धर्तीवर कोल्हापुरात कुस्तीचे मैदान उभारण्याचा संकल्प केला. १९१२ साली खासबाग मैदान खुले झाले. मधला हौदा आणि सभोवार चढत गेलेली वर्तुळाकार बैठक अशी त्याची रचना असल्याने कोठूनही कुस्ती स्पष्ट दिसते. याचा एक परिणाम दुर्लक्षिला जातो : डाव कसा बसला, पाठ खरोखर लागली की नाही, याचे हजारो साक्षीदार एकाच वेळी निर्माण झाले. पंचाने निकाल दिला तरी प्रेक्षकांचा निकाल वेगळा असू शकत होता.

उद्घाटनाची प्रमुख कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात होऊन इमामबक्ष विजयी झाला. इमामबक्ष हा गामाचा धाकटा भाऊ. १९१० साली लंडनमध्ये त्याने स्वित्झर्लंडच्या जॉन लेम याला हरविले होते. अशा मल्लाला कोणी पाडले वा कोणापुढे तो टिकला, यावरून इतरांचे मोल ठरविण्याची शौकिनांची रीत होती. अमक्याने तमक्याला चीत केले, तमक्याने फलाण्याला. म्हणून अमका फलाण्याहून श्रेष्ठ, असे ते गणित. ते अनेकदा चुके, कारण कुस्तीत जोडीला जोड पाहावी लागते. उंच, लांब हातांच्या मल्लाची ढाक एकाला लागू पडते. तीच बुटक्या, बसक्या अंगाच्या मल्लापुढे निष्फळ ठरते. जाणते वस्ताद म्हणूनच निकालापेक्षा दम, पकड आणि डाव-प्रतिडाव यांचे हिशेब अधिक मानीत.

बरोबरीत सुटलेली कुस्ती तर वादाचे आगरच. गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची लंडनमधील लढत १० सप्टेंबर १९१० रोजी अडीच तासांहून अधिक चालूनही अनिर्णित राहिली, कारण झिबिस्को बहुतांश वेळ जमिनीला चिकटून पडला होता. ठरलेल्या पुढच्या दिवशी तो आलाच नाही. गामाला पट्टा मिळाला, पण शौकिनांच्या लेखी निकाली कुस्ती बाकीच होती. ती १९२८ साली पतियाळा येथे झाली आणि गामाने एका मिनिटाच्या आत ती संपविली. अठरा वर्षे रेंगाळलेला प्रश्न मातीतच सुटला.

या ठिकाणी एक तुलना उद्बोधक ठरते. १९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या केइसुके इतागाकी यांच्या 'ग्रॅपलर बाकी' या जपानी चित्रकथेतील योद्ध्यांच्या सामर्थ्यावरही वाचक असेच हिरिरीने वाद घालतात. परंतु तेथे अंतिम शब्द चित्रकाराचा. कोल्हापुरात वाद करणाऱ्याला वस्तादाकडे जाऊन 'कुस्ती नेमा' असे म्हणता येत होते.

स्वातंत्र्योत्तर काळात मोजमापच बदलले. मातीतील कुस्तीत वजनाचे कडक गट नव्हते. थोरली कुस्ती बहुधा धिप्पाड मल्लांचीच असे. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक आणि १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तरीही त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधील निधनानंतर कितीतरी वर्षांनी. हलक्या वजनाच्या मल्लाची थोरवी कोणत्या मापाने मोजावी, हे जुन्या बलाबलविचाराला उमगले नव्हते, असे म्हणण्यास जागा आहे. शासनालाही ते उमगले नाही, ही बाब वेगळी.

त्यानंतर किताबांचे माप आले. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. पुढल्याच वर्षी मोतीबाग तालमीचे गणपत आंदळकर यांनी तो मान मिळविला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि मारुती माने या दोघांनीही सुवर्णपदके आणली. दादू चौगुले १९७० व १९७१ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ साली ख्राइस्टचर्च येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक पटकाविले. किताब, पदक आणि मातीतील निकाली कुस्ती अशी तीन मापे एकाच वेळी हाताशी आल्याने वाद मिटण्याऐवजी वाढला. खंचनाळे श्रेष्ठ की आंदळकर, याचे उत्तर कोणते माप पुढे केले यावर अवलंबून राहू लागले.

सत्तरच्या दशकात या वादाला प्रादेशिक धार आली. दिल्लीच्या सतपालसमोर महाराष्ट्राचा कोण टिकेल, हा गावोगावच्या पारावरचा विषय होता. १९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदार यांनी सतपालला हरविले, तेव्हा तो विजय एका मल्लाचा राहिला नाही. पुढे सतपालने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. बेळगावच्या कुस्तीचे शौकीन त्या पदकाकडे बोट दाखवूनच बिराजदारांची थोरवी सांगू लागले.