पिकअप ट्रकची भारकर्षण जोडणी
मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप ट्रकला ट्रेलर जोडण्याची यंत्रणा. अमेरिका व कॅनडात होड्या, घोडे, शेतीची अवजारे वाहून नेण्यासाठी तिचा वापर होतो. साध्या प्रकारात चासीला बसवलेल्या ‘हिच’ या जोडभागाच्या गोळ्यावर ट्रेलरचा दांडा अडकवतात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार गोळ्यावर असावा लागतो. तो कमी पडल्यास ट्रेलर वेगात डावीउजवीकडे हेलकावतो. फार वाढल्यास ट्रकची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगचा ताबा घटतो. अधिक जड ट्रेलरसाठी ‘गूजनेक’ किंवा ‘फिफ्थ व्हील’ जोडणी हौद्यात, मागच्या आसावर किंवा किंचित पुढे बसवतात. जड ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतात. लांब उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून ट्रक खालच्या गिअरमध्ये चालवतात.