ओदी आणि पिंजरा

जयपूर शहराला लागून असलेल्या झालानाच्या जंगलात एक जुनी दगडी इमारत उभी आहे. तिला इकडे ‘शिकार ओदी’ म्हणतात. ओदी म्हणजे शिकाऱ्याने निर्धास्तपणे बसण्याची जागा. खाली बोकड अगर रेडा बांधावयाचा, वर भिंतीआड बंदूक घेऊन बसावयाचे, आणि श्वापद आमिषापाशी आले की झरोक्यातून नेम धरावयाचा. या सावधगिरीची नोंद आपण पुढे पराक्रमाच्या खाती केली, ही गोष्ट वेगळी. आज त्याच जंगलात लोक जीपगाडीतून बिबट्या पाहावयास जातात.

वाळवंटाच्या उंबरठ्यावर बसून शार्कविषयी लिहावे, हे वाचकांस कदाचित चमत्कारिक वाटेल. परंतु पोलादी पिंजऱ्यात शिरून समुद्रात उतरावयाचे आणि बाहेर फिरणारा महाकाय पांढरा शार्क न्याहाळावयाचा, हा जो खेळ जगात चालतो, त्याची वंशावळ मला या ओदीशीच जुळताना दिसते. तेथेही आमिष आहे, आड आहे, आणि आडोशामागे धडधडत्या छातीने बसलेला माणूस आहे. बंदूक तेवढी नाही. ती कशी सुटली, हाच खरा इतिहास होय.

१९६१ च्या जानेवारीत इंग्लंडची राणी एलिझाबेथ जयपूरला आली. महाराज सवाई मानसिंहांनी पाहुण्यांसाठी सवाई माधोपूरच्या रानात शिकार योजली आणि राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी तेथे वाघ मारला. त्या शिकारीच्या व्यवस्थेत फतेहसिंह राठोड नावाचा वनखात्यातील एक तरुण नोकर राबत होता. १९७३ मध्ये ते रान व्याघ्रप्रकल्पात आले, आणि रणथंभोरचे वाघ जगविण्यात याच राठोडांनी पुढे आपले आयुष्य वेचले.

या घटनेनंतर तीन वर्षेही लोटली नव्हती, तोच दक्षिण ऑस्ट्रेलियात १९६३ च्या डिसेंबरात रॉडनी फॉक्स नावाच्या तरुणाला शार्कने धरले. भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत तो उतरला होता. कसाबसा तो वाचला. टाके पडले ४६२! असा मनुष्य उर्वरित आयुष्य सूड घेण्यात घालविता तर कोणी त्याला बोल लावला नसता. तो मात्र प्राणिसंग्रहालयात सिंहाच्या पिंजऱ्यासमोर उभा राहिला असता त्याच्या मनात आले, की येथे सिंह आत आणि आपण बाहेर. समुद्रात याच्या उलट केले तर? पाणबुड्यांच्या रक्षणासाठी पिंजरा वापरण्याची युक्ती त्यापूर्वीही होती. फ्रान्सच्या कूस्तो यांच्या मंडळींनी तो वापरला होता. पण त्याच कूस्तोंच्या १९५६ च्या सुप्रसिद्ध चित्रपटात खलाशी शार्कांना ओढून काढून ठेचताना दिसतात. फॉक्सने पिंजऱ्यातून पाहण्याचीच मोहीम काढली.

पाहण्याने प्रेम वाढतेच असे मात्र नाही. १९७५ च्या ‘जॉज’ या अमेरिकन चित्रपटासाठी खऱ्या शार्कचे चित्रण ऑस्ट्रेलियातच झाले. शार्क मोठा दिसावा म्हणून पिंजरा लहान केला आणि त्यात ठेंगणा माणूस बसविला! या चित्रपटाने जी दहशत पसरली तिच्या पोटी असंख्य शार्क मारले गेले. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये या जातीस कायद्याचे संरक्षण दिले. तेथील गान्सबाई गावाचा पिंजऱ्याच्या व्यवसायावर मोठा उदरनिर्वाह चालत असे. २०१७ पासून तेथे किलर व्हेल शार्कांची यकृते फस्त करू लागले आणि पांढरे शार्क त्या पाण्यातून दिसेनासे झाले. त्यांच्यापुढे कायद्याचे काय चालणार?

आपल्या कोकणात शार्क म्हणजे मुशी, मालवणकडे मोरी. (घाटावरील वाचकांनी हसू नये, हीच मोरी तेथे मसाल्यात शिजते आणि पाहुण्यांपुढे कौतुकाने वाढली जाते.) मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले, ते शिवछत्रपतींच्या सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यात. आज पर्यटक तेथे प्रवाळ पाहण्यास बुडी मारतात, डॉल्फिन पाहण्यास होड्या काढतात. पण ज्यांची जाळी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात पडत आली, त्या मच्छीमारांनी अभयारण्याला दीर्घकाळ विरोध केला. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. महाराजाची शिकार बंद झाली तेव्हा त्याचा छंद गेला. येथे प्रश्न चुलीचा आहे.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचे एक उत्तर निघाले. व्हेल शार्क हा माशांतील सर्वांत मोठा मासा; माणसाला निरुपद्रवी. वेरावळकडे त्याला होड्यांना लावावयाच्या तेलासाठी, पुढे परदेशी जाणाऱ्या मांसासाठी मारीत. २००१ मध्ये तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. पण कोळ्यांचे मन वळले ते २००४ मध्ये मोरारीबापूंनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी लेक, म्हटल्यावर. माहेरी आलेली लेक कोण मारील? तेव्हापासून जाळे कापून शेकडो व्हेल शार्क सोडले गेले. महाराष्ट्रातही २०१८ च्या अखेरीस, संरक्षित प्राणी सोडविताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना निघाली.

भरपाईसाठी सुटकेचे छायाचित्र आणि अर्ज लागतो. मी स्वतः सरकारी कारकून असल्याने अर्जाचा प्रवास जाणतो. तो एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाईतो कोळ्याला नवे जाळे विणून समुद्रावर जावेच लागते.