बॅक बेचे भाग आणि विरारची गाडी

12 एप्रिल 1867 रोजीं विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकापर्यंत रोज एक गाडी जाऊं-येऊं लागली. वसईची खाडी ओलांडून ती ज्या किनाऱ्याशीं थांबे, त्याच किनाऱ्याच्या नांवानें निघालेल्या एका कंपनीच्या पायीं दोन वर्षांपूर्वीं मुंबईंतील अनेक सधन घराणीं बुडालीं होतीं. कंपनीची किंमत कशी मोजतात आणि त्या मोजणींत काय फसवें असतें, हें त्या प्रकरणावरून जितकें स्पष्ट होतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल.

1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातीं आलेला पैसा नव्या कंपन्यांत शिरूं लागला. 1864 सालीं बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढण्यासाठीं कंपनी निघाली. त्या जमिनींतून रेल्वेला कुलाब्याकडे जाण्यास वाट द्यावयाची आणि उरलेलीवर नफा मिळवावयाचा, असा बेत होता. भांडवल 1 कोट रुपये. दर्शनी 5,000 रुपयांचे 2,000 भाग. सरकारासाठीं राखलेले, परंतु सरकारनें न घेतलेले 400 भाग लिलावांत निघाले. दर्शनी किमतीवर प्रत्येकीं 26,500 रुपये जास्त आले. म्हणजे नुसती अधिक रक्कमच 1 कोट 6 लाख, कंपनीच्या सबंध भांडवलाहून मोठी!

आतां श्रोत्यांनीं एक साधा गुणाकार करून पाहावा. एका भागाचा भाव 31,500 रुपये आणि भाग 2,000. म्हणजे कंपनीची किंमत 6 कोट 30 लाख. लोकांच्या हातीं असलेल्या एकंदर भागांची संख्या गुणिले चालू भाव, यालाच कंपनीचें बाजारमूल्य म्हणतात. नुसत्या भावावरून कंपनी लहान कीं मोठी, हें ठरत नाहीं. 500 रुपये भावाचे 50,000 भाग असलेली कंपनी अडीच कोटांची. 50 रुपये भावाचे 10 लाख भाग असलेली मात्र 5 कोटांची. भाव दसपट कमी, पण कंपनी दुप्पट मोठी.

परंतु हे 6 कोट 30 लाख होते कोठें? ते कोणीं मोजून दिले नव्हते. 400 भागांना मिळालेला भाव उरलेल्या 1,600 भागांनाहि लावला, एवढेंच. थोड्यांनीं विकलें तोंवर तो भाव टिकला; सर्वांनाच विकावयाचें झालें तेव्हां घेणारा उरला नाहीं. 1865 च्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध थांबलें, कापूस उतरला आणि 1 जुलै 1865 रोजीं वायद्यांचे पैसे चुकते करण्याचा दिवस उगवला. देणाऱ्यांपाशीं पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग 2,850 रुपयांस गेला होता, तो 87 रुपयांस विकूं लागला. कागदावरील दर्शनी आंकडा बदलला नव्हता. बदलला तो भाव, आणि त्याबरोबर सारा गुणाकार. बॅक बेची कंपनीहि मोडीत निघाली.

वसईंत 1918 सालीं निराळ्या धर्तीची एक संस्था उभी राहिली. बसीन कॅथॉलिक या नांवाची ती सहकारी पतसंस्था पुढें बँक झाली. सहकारी संस्थेचा भाग बाजारांत चढत-उतरत नाहीं. सभासद तो दर्शनी किमतीस घेतो, आणि भाग कितीहि असले तरी मत एकच देतो. तेथें भागांची संख्या व किंमत यांचा गुणाकार केला, तर सभासदांनीं प्रत्यक्ष भरलेलीच रक्कम येते. अशा भागावर रातोरात श्रीमंत होतां येत नाहीं, ही त्याची उणीव म्हणावी. मात्र अशा संस्थेची योग्यता पाहावयाची तर तिच्या ठेवी, तिचीं कर्जें आणि त्यांची वसुली यांकडेच पाहावें लागतें. भावाच्या आड लपण्यास तिला जागा नसते.

विरारची गाडी आजहि त्या किनाऱ्याच्या बाजूस जाते. सायंकाळच्या गर्दींत बाजारमूल्याचे मोठमोठे आंकडे वाचीत घरीं परतणाऱ्या गृहस्थानें एवढेंच मनांत बाळगावें कीं, तो आंकडा तिजोरींतील रोकड नव्हे. आज कांहीं थोड्यांनीं दिलेला भाव सर्वांच्या नांवें मांडलेला असतो.