‘क’नंतर ‘ख’ कशाला?

मराठी वर्णमालेची मांडणी थक्क करणारी आहे. कंठापासून ओठांपर्यंत, जिथून आवाज निघतो त्या क्रमानं क, च, ट, त, प हे वर्ग लावलेले. ध्वनींचा अभ्यास म्हणून ती अजोड आहे. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ती वाचायला शिकवत नाही. ‘क ख ग घ ङ’ या ओळीतून शब्द जुळवू गेलं तर हाती येतो ‘खग’, आणि तो कुणाच्याच घरी बोलला जात नाही. मग गिरवण्यात आणि बाराखडी सुरात म्हणण्यात महिने जातात. ‘मे’ कुठला, असं विचारलं की मूल ‘म, मा, मि’पासून मनातल्या मनात म्हणत तिथवर येतं.

या अडचणीतून वाट काढणारी एक वाचनपद्धत सातारा जिल्ह्यात फलटणला घडली. तिचं मूळ भाषाशास्त्राच्या एका प्रबंधाशी जाऊन भिडतं. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन अभ्यासक १९६०च्या दशकात फलटणला आल्या. गावात कोण कसं मराठी बोलतं, हा त्यांचा विषय. १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांचा प्रबंध झाला. पुढे जाई निंबकरांसोबत त्यांनी मराठीचं व्याकरणही लिहिलं. त्याच काळात न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीत तर्काची काहीही उणीव नसते, असं विल्यम लॅबोव्ह हे भाषाशास्त्रज्ञ ठामपणे मांडत होते.

बर्नसन फलटणलाच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि दलित वस्तीतल्या मुलांना शिकवू लागल्या. ही मुलं घरी भांडत होती, गोष्टी सांगत होती, हिशेब करत होती. लॅबोव्ह म्हणत होते तसंच, भाषा त्यांना येतच होती. लिपी तेवढी अनोळखी होती. १९८४ मध्ये त्यांची प्रगत शिक्षण संस्था निघाली आणि १९८६ मध्ये मराठी माध्यमाची कमला निंबकर बालभवन ही शाळा. भारतात व्यवसायोपचाराचा पाया घालणाऱ्या कमलाबाईंचं नाव तिला दिलेलं आहे.

इथे घडलेल्या वाचनपद्धतीचं मर्म असं, की अक्षरं वर्णक्रमानं न देता छोट्या गटांत द्यायची, आणि मात्रा सुरुवातीपासूनच त्यांच्या जोडीला. समजा, क, म, ल आणि काना एवढंच शिकवलं. लगेच काम, माल, काल, लाल, मला, काका, मामा वाचता येतात. नव्या खुणा चारच, त्यामुळे स्मरणावर ओझं पडत नाही. त्याहून मोलाचं म्हणजे मूल ‘का’ आणि ‘म’ जोडतं, ओळखीचा शब्द कानावर येतो आणि आपलं बरोबर आलं हे त्याचं त्यालाच कळतं. बाईंच्या मानेकडे बघावं लागत नाही. ‘का की कु’ असल्या निरर्थक जोडण्यांत ही पडताळणी होतच नाही.

घरी ‘पानी’ म्हणणारं मूल ‘पाणी’ हा शब्द पाहून ‘पानी’ म्हणालं, तर माझ्या मते त्यानं वाचलं. अर्थ पोचला. तिथे उच्चारावरून टोकणं म्हणजे चालू झालेला विचार मध्येच तोडणं.

पुढे याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपल्या अनुभवातून स्वतःच शिकतं हा विचार, वर्गात उतरवला. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला येऊ लागले. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मात्र आणखी एक गाठ आहे. जत तालुक्यात कन्नड बोलणारी घरं आहेत. तिथलं मूल मराठी शाळेत आलं, तर ‘मला’ किंवा ‘लाल’ जुळवूनही ओळखीचं काही कानावर येईलच असं नाही. त्याच्यासाठी आधी गप्पा, गोष्टी, खेळ हवेत, तेही त्याच्या कन्नडला सोबत घेऊन, आणि अक्षरांचा पहिला गट त्यातून कानावर पडलेल्या शब्दांमधून निवडायला हवा. हे काम शिक्षकानंच करायचं आहे आणि त्यासाठी पहिलीत त्याला सवड द्यायला हवी.