हलता नकाशा म्हणजे काय? गावच्या बसच्या प्रश्नात तो कसा उपयोगी पडतो

दिवसभरात कोणती बस कधी कुठे असते, हे सरकत्या ठिपक्यांनी दाखवणारा नकाशा म्हणजे हलता नकाशा, अर्थात ॲनिमेटेड मॅप. कोपऱ्यात घड्याळ पळत असतं आणि प्रत्येक बस ठिपका होऊन आपल्या रस्त्यानं पुढे जाते. पहाटे ५ ते रात्री १० म्हणजे १७ तास. पडद्यावरच्या एका सेकंदात प्रत्यक्षातली ४ मिनिटं बसवली, तर सगळा दिवस सव्वाचार मिनिटांत डोळ्यांसमोरून जातो. गाड्या कुठे गर्दी करतात आणि कोणता रस्ता तासन् तास रिकामा राहतो, हे समजायला वेळापत्रक वाचता येण्याचीही गरज पडत नाही.

सीमाभागाला याची गरज जास्त का?

चंदगड तालुक्यातली माणसं बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावला येतात. निपाणीची माणसं कोल्हापूर गाठतात. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्याला जाणं-येणं चालू असतं. रस्ता एकच, पण त्यावरच्या गाड्या वेगवेगळ्या महामंडळांच्या: महाराष्ट्राची एसटी, वायव्य कर्नाटक परिवहन, गोव्याची कदंबा. प्रत्येकाचं वेळापत्रक आपापल्या आगाराच्या सोयीनं बनतं. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र पाटी कुठल्या राज्याची यापेक्षा पुढची गाडी कधी, एवढंच महत्त्वाचं असतं.

एक काल्पनिक फाटा घेऊ. दुपारी १ नंतर इथून शहराकडून गावाकडे सहा गाड्या आहेत. एका महामंडळाच्या १, ३ आणि ५ वाजता, दुसऱ्याच्या १.१०, ३.१० आणि ५.१० वाजता. कागदावर सहा फेऱ्या दिसतात, म्हणून गाड्यांची तक्रार केली की "आहेत की सहा गाड्या!" असं उत्तर मिळतं. नकाशात मात्र दोन ठिपके एकामागोमाग येतात, निघून जातात आणि मग जवळपास दोन तास रस्ता मोकळा. साडेतीनला कॉलेज सुटलेल्या मुलीला पाचपर्यंत थांबावं लागतं, आणि ५.१० ची गाडी चुकली की त्या दिवशी गाडीच नाही. मग वडाप, नाहीतर कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसणं.

आता दुसऱ्या महामंडळाच्या गाड्या ५० मिनिटं पुढे ढकलून २, ४ आणि ६ वाजता सोडल्या, तर जास्तीत जास्त थांबणं तासाभरावर येतं आणि शेवटची गाडीही ६ ला मिळते. नवी बस नको, नवा चालक-वाहक नको. मागणी "गाड्या वाढवा" अशी न राहता "याच गाड्यांच्या वेळा बदला" अशी होते. हलत्या नकाशाचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

कल्पना जुनी, साधन नवं

गाड्यांची हालचाल चित्रात मांडणं एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. रेल्वेच्या आलेखात एका बाजूला स्थानकं आणि दुसऱ्या बाजूला तास असतात. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे क्रॉसिंग. आपल्याकडच्या रेल्वे कंट्रोलचं काम आजही अशा आलेखावर चालतं. हलत्या नकाशानं तीच माहिती रस्त्यावर आणून ठेवली.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची परिवहन संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी वेळापत्रक साध्या फायलींत मांडण्याची एक पद्धत सुरू केली. आज ती जीटीएफएस या नावानं जगभर वापरली जाते. त्यात थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरची वेळ आणि गाडी कोणत्या वारी धावते, अशा वेगवेगळ्या याद्या असतात. मध्यरात्रीनंतर १.१० ला पोचणाऱ्या गाडीची वेळ त्यात २५.१० अशी लिहितात, म्हणजे फेरी आदल्या दिवसाचीच धरली जाते. भारतात कोची मेट्रोनं आणि दिल्लीनं २०१८ मध्ये अशी माहिती सर्वांसाठी खुली केली.

सरकारी माहिती नसतानाही काम होतं, हे केनियाच्या नैरोबीनं दाखवलं. तिथली बरीचशी वाहतूक 'मटाटू' नावाच्या खासगी मिनीबसवर चालते, म्हणजे आपल्या वडापसारखीच. नैरोबी विद्यापीठातले विद्यार्थी मोबाईल घेऊन त्या गाड्यांतून फिरले आणि थांबे, मार्ग नोंदवले. त्यातून २०१४ मध्ये शहराचा मटाटू नकाशा तयार झाला आणि पुढे प्रशासनानंही तो स्वीकारला. बहुतेक मार्ग शहराच्या मध्यभागीच जाऊन मिळतात, हे त्यात एका नजरेत दिसलं.

गावपातळीवर कसा करायचा?

१. आधी प्रश्न ठरवा. "तालुक्याची सगळी वाहतूक" असा विषय घेतला तर काम कधीच संपणार नाही. "दहावी-बारावीची मुलं संध्याकाळी घरी कशी पोचतात?" एवढा प्रश्न पुरे.

२. वेळा गोळा करा. स्टँडवरच्या बोर्डावर साधारणपणे तिथून सुटण्याचीच वेळ असते. मधल्या थांब्यांच्या वेळा वाहक, रोजचे प्रवासी आणि फाट्यावरचे टपरीवाले सांगतात. आगारानं वेळापत्रक दिलं नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो; उत्तराची मुदत ३० दिवस.

३. थांबे नोंदवा. मोबाईलच्या जीपीएसवर प्रत्येक थांब्याचे अक्षांश-रेखांश घ्या. विनंती थांबेही सोडू नका.

४. तक्ता बनवा. गाडी, महामंडळ, थांबा, वेळ आणि वार, एवढे रकाने बस्स. बाजाराचा दिवस आणि रविवार वेगळे लिहा.

५. नकाशा चालवा. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. २०२० मध्ये आलेल्या ३.१४ आवृत्तीपासून त्यात वेळेनुसार नकाशा हलवण्याची सोय आहे. खालचा रस्त्यांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून मोफत मिळतो. प्रत्येक महामंडळाला वेगळा रंग द्या.

६. चारचौघांत दाखवा. शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून ग्रामसभेत दाखवला तर लोक स्वतःहून चुका काढतात: "ही गाडी सोमवारी येतच नाही", "ही घाट चढायला एवढा वेळ घेते". या दुरुस्त्या झाल्याशिवाय नकाशा आगारात नेऊ नका.

एक रंग बंद करून बघा

दोन महामंडळांना दोन रंग दिल्याचा आणखी एक उपयोग आहे. सीमाप्रश्नावरून तणाव वाढला की आंतरराज्य गाड्या थांबवल्या जातात. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हा अनुभव आला. नकाशातला एक रंग बंद केला की अशा दिवशी कोणती गावं पूर्ण तुटतात आणि कुणाला दुसरी सोय उरते, हे लगेच दिसतं. सीमेपर्यंतची फेरी तरी चालू ठेवा, ही मागणी मग गावांच्या नावांसकट करता येते.

रंगाला तिकिटाचीही बाजू आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तेही राज्याच्या हद्दीपर्यंत. त्यामुळे समोर आलेली गाडी सोडून एखादी आजी दुसऱ्या पाटीच्या गाडीची वाट बघत बसते. नकाशात दोन्ही ठिपके सारखेच दिसले, तरी तिच्यासाठी ते सारखे नसतात.

नकाशात काय दिसत नाही?

दोन थांब्यांमधलं अंतर ठिपका एकसारख्या वेगानं कापतो. घाटातली कोंडी, पावसाळ्यात खचलेला रस्ता, ऐनवेळी रद्द झालेली फेरी यांतलं काहीच त्याला कळत नाही. वेळापत्रकावरून बनवलेला नकाशा गाडी कधी यायला हवी हे सांगतो. ती खरंच कधी येते हे बघायचं, तर फाट्यावर बसून दोन आठवडे वहीत वेळ लिहावी लागते.

दुसरी गोष्ट, नकाशात गाड्या असतात, माणसं नसतात. संध्याकाळची गाडी नाही म्हणून जिनं कॉलेज सोडलं, ती मुलगी कुठल्याच ठिपक्यात सापडत नाही. म्हणून नकाशासोबत घरोघरी विचारलेली यादी हवी: कोण कुठे जातं, किती वाजता, आणि गाडी असती तर कोण गेलं असतं.

तिसरी अडचण आगाराची. गाडी ५० मिनिटं पुढे ढकलली की तिची पुढची फेरीही सरकते. चालक-वाहकांचं काम सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांत बसवावं लागतं. त्यामुळे एकच वेळ घेऊन जाण्यापेक्षा दोन-तीन पर्याय घेऊन गेलेलं बरं.

निर्णय कुणाच्या हातात?

वेळेतला छोटा बदल असेल तर सुरुवात आगार व्यवस्थापकापासून करायची, आणि तिथे अडलं तर विभाग नियंत्रक. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव असावा. रस्त्यावरच्या चार-पाच गावांनी एकच ठराव केला तर वजन वाढतं. प्रश्न दोन महामंडळांच्या वेळांचा असेल तर दोन्ही आगारांना एकच नकाशा आणि एकाच मजकुराचा अर्ज द्यावा. कर्नाटकाच्या बाजूचा अर्ज कन्नडमध्येही असला तर काम सोपं जातं.

आंतरराज्य फेऱ्या वाढवायच्या असतील तर विषय राज्यांच्या कराराचा होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८८ नुसार, कोणत्या मार्गावर किती परवाने द्यायचे याचा करार करण्याआधी दोन्ही राज्यांना त्याचा प्रस्ताव राजपत्रात आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात छापावा लागतो. म्हणणं मांडायला लोकांना किमान ३० दिवस मिळतात. ही सूचना बहुतेकांच्या नजरेतून निसटते आणि मुदत संपल्यावर ओरड सुरू होते. नकाशा आधीच तयार असेल, तर हे ३० दिवस माहिती गोळा करण्यात जाणार नाहीत आणि गावांचं म्हणणं मुदतीत पोचेल.