शिलेदाराचं जुनं जीन

घोडा एकदा कसाबसा घेता येतो, पण त्याचं सामान घेताना माणूस मेटाकुटीला येतो. जीन, लगाम, तंग, रिकिबी, तोबरा, झूल असं करत यादी वाढते आणि नव्याचा भाव ऐकला की गडी मुकाट्याने जुनं शोधायला लागतो. माझ्याकडे जीन दुरुस्तीला घेऊन येणारे बहुतेक असेच असतात. जुनं घेतलं म्हणून ते ओशाळतात, ते मला बघवत नाही. या मुलखातलं घोडदळ तीनशे वर्षं जुन्या सामानाच्या घेण्यादेण्यावर चाललं.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगिराला घोडा आणि सामान सरकारी पागेतून मिळे. सभासदाच्या बखरीत पागेचा हिशेब आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्यांच्या दिमतीला एक पखालजी, एक नालबंद. शिलेदाराला ही सोय नव्हती. घोडा त्याचा, खोगीर त्याचं, घोडा मेला तर नुकसानही पहिल्यांदा त्याचंच. शिलेदार घोडा जपून लढतात असा ठपका त्यांच्यावर पुढे इतिहासकारांनी ठेवला. मला तो अन्यायाचा वाटतो. ज्याची सगळी जिंदगी चार पायांवर उभी आहे, तो ती जपणारच.

त्या काळचं खोगीर आजच्या विलायती घाटाच्या जिनासारखं नव्हतं. आत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा नाही. खाली नमदा, वर जाड कापड किंवा बनात, आत लोकर नाहीतर कापूस ठासून भरलेला. कण्याच्या दोन्ही अंगांना दोन जाड गाद्या आणि मधे मोकळी पन्हळ, म्हणजे स्वाराचा भार कण्यावर न येता दोन्ही बाजूंच्या मांसावर पडतो. भीमथडीचं तट्टू अंगाने लहान आणि काटक. उन्हाळ्यात ते उतरतं, दसऱ्याला भरलेलं असतं. पाठीचा आकार बदलला की खोगिराची शिवण उसवायची, भरण काढून पिंजायचं, कमीजास्त करून पुन्हा भरायचं. म्हणूनच एका घोड्याचं खोगीर दुसऱ्याला चाले. अशा खोगिराला गिऱ्हाईक मिळणारच.

हे भरणं-उसवणं जीनगरांचं काम. आमचं घर त्यातलंच. पेशवाई बुडाली, १८१८ नंतर शिलेदारांचे घोडे कमी झाले आणि जीनगरांच्या हातचं काम गेलं. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जीनगरांचे धंदे दिलेत त्यात ओतकाम आहे, चित्रं काढणं आहे, मूर्ती आहेत, कुलपं आणि घड्याळं दुरुस्त करणंसुद्धा आहे. माझे आजोबा पुस्तकं बांधत. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर कातडं चढवताना ते कडा ज्या रीतीने छाटून पातळ करत, ती रीत जिनाचीच होती. मी ती त्यांच्याकडून शिकलो.

शिलेदारी मात्र पेशव्यांबरोबर संपली नाही. १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर इंग्रजांनी जे घोडदळ उभं केलं, ज्याचं पुढे ‘पूना हॉर्स’ झालं, ते शिलेदारी पद्धतीवरच. उत्तरेत १८०३ साली रिसाला उभारणारा जेम्स स्किनरसुद्धा शिंद्यांच्या चाकरीतून आलेला. इंग्रजांनी ही पद्धत इतकी पक्की केली की हिंदी घोडदळाचा फार मोठा भाग तिच्यावर चालला. सरकार बंदूक आणि दरमहा पगार देई. घोडा, जीन, कपडे, वैरण, हे सगळं स्वाराने पगारातून भागवायचं.

आता यातली मेख बघा. भरती होताना रिसाल्यात ठरलेली रक्कम भरायची, तिला असामी म्हणत. त्या रकमेत घोडा आणि सामान अंगावर येई. नोकरी सोडताना असामी परत मिळे आणि तेच सामान पुढच्या रंगरुटाकडे जाई. म्हणजे एका स्वाराचं घासलेलं जीन दुसऱ्याच्या घोड्यावर चढे, आणि हे चोरूनमारून नाही, रिसाल्याच्या वहीत मांडून. मेलेल्या घोड्यांच्या भरपाईसाठी स्वारांच्या पगारातून दरमहा चंदा कापत. ज्याच्याकडे पैसा होता तो दोन-चार असाम्या बाळगी आणि गरीब भाऊबंदांना आपल्या घोड्यांवर बारगीर म्हणून बसवी. सरकारचा खर्च वाचला, पण तो वाचला स्वाराच्या खिशातून. एवढं कबूल करूनही मी म्हणेन की हातात रोकड नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला घोड्यावर बसायची वाट त्या जुन्या जिनानेच दिली.

१९१४ च्या महायुद्धात हे गणित कोलमडलं. प्रत्येक रिसाला सामान आपल्या पसंतीने घेई, त्यामुळे एकाचं दुसऱ्याशी जुळेना. घोडे आणि माणसं इतक्या वेगाने खर्ची पडू लागली की समुद्रापार बसून असामीचा हिशेब कोण करणार? युद्धानंतर शिलेदारी बंद झाली, आणि एकोणचाळीस रिसाल्यांचे एकवीस केले.

त्यानंतर सरकारी जिनांचा काळ. कानपूरला १८६० च्या दशकापासून लष्कराचा जीन-कारखाना होताच, आणि आजही बाजारातलं बरंचसं जीन कानपूरचंच असतं. लष्करी जिनाला दोन लाकडी फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या पुढे-मागे पोलादी कमानी. ते मोडत नाही, पण खोगिरासारखं घोड्याप्रमाणे बदलतही नाही. घोडी मोटारींपुढे हटली तशी ही जिनं भंगारात निघाली. पुण्याच्या जुन्या बाजारात मला असं एक मिळालं. फळीवर बाणाचा सरकारी ठसा होता, आणि त्याच्या टोकाला टोक भिडवून दुसरा उलटा बाण. सरकारने माल रीतसर विकून टाकला, चोरीचा नाही, याची ती खूण. विकणाऱ्याला ती ठाऊक नव्हती, मी त्याला दाखवली.

जुनं जीन घेणाऱ्याने चकाकीकडे बघूच नये, तेल चोपडलं की सगळंच चकाकतं. आधी ते उलटं करा. तंग अडकवायच्या पट्ट्यांची भोकं लांबट झाली असतील तर पट्ट्या बदलाव्या लागतील, ते काम स्वस्तातलं. शिवणीवर अंगठ्याचं नख दाबून ओढा, कुजलेला दोरा लगेच तुटतो. गादीवरून तळवा फिरवा, गाठी लागल्या तर भरण उसवावं लागेल. मग पुढचा उंचवटा पोटाशी टेकवून मागची बाजू दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. बैठक मधोमध दुमडली, आतून करकरली, तर सांगाडा मोडलाय. असं जीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. मोडलेलं टोक घोड्याच्या पाठीत रुततं, आणि त्याला ते सांगता येत नाही.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे सामानाच्या पालांवरही हीच परीक्षा करावी, आणि शक्य तर ज्या घोड्यासाठी घ्यायचं तो सोबत असावा. माथेरानचे घोडेवाले जीन घोड्यावर टाकून, स्वार बसवून, पुढच्या कमानीखाली बोटं घालून बघतात. दोन बोटं आडवी सहज गेली तर ठीक, नाहीतर सौदा नाही. पावसाळ्यात धंदा मंदावला की त्यांची जिनं माझ्याकडे येतात. कातडं ओलं असतं, घामाचं मीठ फुटलेलं असतं. मी ती सावलीत वाळवतो आणि गाद्या उसवून लोकर पिंजायला घेतो.